टपावरचं ऊन

जुनी गाडी घेताना माणूस बॉनेट उघडून बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, दारं आपटतो, टायरला उगाच एक लाथ मारतो आणि जाणकारासारखी मान हलवतो. टपाकडे कोणी बघत नाही. आपल्याच गाडीचा टप आपण कधी धड पाहिलेला नसतो. तो पाहतात वरच्या मजल्यावरचे शेजारी आणि कावळे. एके काळी एसटीच्या टपाला केवढा मान होता. मागच्या शिडीवरून हमाल वर चढायचा आणि वळकट्या, ट्रंका, सायकली, आंब्याच्या पेट्या, क्वचित एखादं कोंबड्यांचं डालगं खालून त्याच्या हाती जायचं. मग प्रत्येक वळणावर, आपली ट्रंक आहे ना जागेवर, या काळजीने माणसं खिडकीतून मान बाहेर काढून वर बघायची, आणि वर फक्त आभाळ दिसायचं. पुढे सामान गाडीच्या पोटात गेलं, शिड्या गेल्या, आणि टप नुसता ऊन खात पडून राहिला.

हे ऊन फुकट जातंय, असा शोध माझ्या धाकट्या मेहुण्याला लागला. तो बँकेतून निवृत्त झालेला. जन्मभर दुसऱ्यांच्या ठेवींवरचं व्याज मोजलेल्या माणसाला कुठेही काहीही पडून राहिलेलं बघवत नाही. 2021 साली राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते आपल्याला घातलेलं खासगी पत्र आहे अशा समजुतीने त्याने ते वाचलं आणि कुठल्याशा कारखान्याच्या पाळ्या वाहून दमलेली एक ट्रॅव्हलर विकत घेतली. आरटीओची रीतसर परवानगी काढून आतल्या बाकांच्या जागी पलंग आला, ओटा आला, पाण्याची टाकी आली. टपाचा मधला भाग कापून तिथे फायबरचं मोठं झाकण बसवलं. ते दोन्ही हातांनी वर ढकलायचं, मग बाजूचे शॉकअप त्याला उचलून धरतात आणि आतल्या माणसाला ताठ उभं राहता येतं. संसाराला लागणारं सगळं त्या गाडीत होतं. नव्हती ती वीज. आणि टपावर तर ऊन होतं.

सोलर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो सोसायटीच्या गच्चीवरचा, ॲल्युमिनियमच्या चौकटीतला काचेचा पॅनल. मेहुण्यालाही तोच हवा होता. काचेचे पॅनल पंचवीस वर्षांची हमी घेऊन येतात, आणि बँकेतल्या माणसाला हमीबद्दल काय वाटतं हे वेगळं सांगायला नको. पण शंभर वॉटचा असा एक पॅनल सात किलोच्या आसपास भरतो. असे तीन, शिवाय त्यांना धरणाऱ्या पट्ट्या आणि नटबोल्ट. एका सकाळी त्याची बायको गाडीत उभी राहिली, तिने ते झाकण वर ढकललं, पुन्हा खाली घेतलं आणि म्हणाली, “आता ह्याच्यावर पंचवीस किलो तांदळाचं पोतं ठेव, आणि तूच उचलून दाखव.” हमीचा विषय तिथेच मिटला.

मग घरात आले ते वाकणारे पॅनल. एकेकाचं वजन दोन किलो, जाडी तीन मिलिमीटरच्या आत. दुकानदार तो हातात घेऊन हलकेच वाकवून दाखवतो, तेव्हा आपल्याला वाटतं की याची गुंडाळी करून काखोटीला मारावी आणि निघावं. प्रत्यक्षात वाकतं ते प्लास्टिक. आत सिलिकॉनच्या चकत्या असतात, दोन दशांश मिलिमीटरहूनही पातळ, आणि त्या वाकत नाहीत, त्या सोसतात. टपाच्या सौम्य गोलाईपुरतं सोसतात. त्याहून जास्त झालं, कोणी वर गुडघा टेकला, कोणी उताणा उचलून डुगडुगवला, की आतल्या आत बारीक तडा जातो आणि वरून काहीही दिसत नाही. ‘चालेल, चालेल’ म्हणणारी आणि आतून तडकलेली अशी माणसं मी कचेरीत पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या हातून काम हळूहळू कमी होत जातं आणि साहेबाला कारण कधीच सापडत नाही.

मला मात्र अडचण निराळीच होती. उन्हाला एवढ्या मानपानाने घरी बोलवायचं, हेच गळी उतरत नव्हतं. ‘उन्हात जाऊ नकोस’ हे आयुष्यात कानावर पडलेल्या पहिल्या काही वाक्यांपैकी एक. विदर्भातला माणूस डोक्याला रुमाल आणि खिशात कांदा घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही. पुण्यातल्या मुली दुचाकीवर बसण्याआधी तोंडाला ओढणी अशी गुंडाळतात की सख्ख्या बापाने ओळखायचं ते गाडीच्या नंबरावरून. गावाला जाताना एसटीत शिरलं की आपण आधी होरा बांधतो: सकाळची गाडी, तोंड दक्षिणेला, म्हणजे ऊन डावीकडून येणार, म्हणजे उजवीकडची खिडकी. आपलं सगळं भूगोलाचं ज्ञान उन्हाला चुकवण्यात खर्ची पडलेलं आहे.

कोकणातल्या आमच्या घरात तर उन्हाला यायला एकच वाट ठेवली होती. उतरतं कौलारू छप्पर, पुढे खोल पडवी, आणि मधोमध माजघर, जिथे भर दुपारीही तिन्हीसांजा झाल्यासारखं वाटे. त्या माजघराच्या वर, शेकडो मातीच्या कौलांत, एक काचेचं कौल होतं. त्यातून एक कवडसा खाली उतरायचा. सकाळी तो देवघराच्या उंबऱ्याशी असे, मग कणगीवर चढे, जेवणाच्या वेळी जमिनीच्या मध्यावर येई आणि दुपार कलली की पलीकडच्या भिंतीवरून वर सरकत नाहीसा होई. आजी तांदूळ निवडायला बसायची ती त्या कवडशात, आणि तो हलला की सूप घेऊन तीही तेवढीच हलायची. त्यामुळे सकाळी उंबऱ्यापाशी बसलेली आजी तासाभराने खोलीत दुसरीकडेच सापडायची, आणि तिला उठताना मात्र कोणी पाहिलेलं नसायचं. घड्याळ तिला वाचता येत नव्हतं. “सूर्य कणगीवर आला, अजून कसा नाही आला पोर शाळेतून?” असं ती म्हणायची. साऱ्या आकाशातल्या उन्हापैकी तिने वीतभर ऊन घरात घेतलं होतं आणि त्यावर घर चालवलं होतं. उरलेलं सगळं बाहेर, पडवीच्या पायरीपाशी, चपलांसारखं सोडलेलं.

त्याच घरातून मी छपराची भीतीही घेऊन आलो. मे महिन्यात छप्पर शाकारायचं, फुटकी कौलं बदलायची, आणि तरी मृगाच्या पहिल्या सरीला कुठेतरी टप्पकन् आवाज व्हायचाच. मग घरातलं लहानथोर पातेलं हातात घेऊन आवाजाच्या दिशेने धावायचं. त्यामुळे फायबरच्या झाकणाला वायर आत घेण्यासाठी एक भोक पाडावं लागेल, हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. पॅनल चिकटवायचे असल्यामुळे स्क्रू नव्हते, पण भोक होतं. भोसरीहून आलेले मिस्त्री शांत होते. त्यांनी ड्रिल लावण्याआधी मापं तीनदा घेतली, भोकावर प्लास्टिकची डबी बसवली, तिच्या कडेने सीलंटची जाड वात फिरवली आणि मला म्हणाले, “काका, घर गळेल, गाडी नाही गळणार.” सांत्वन म्हणून हे वाक्य कितपत बरोबर होतं, याचा मी अजून विचार करतो आहे.

चिकटवण्याचं काम बघायला मला आवडलं. पृष्ठभाग आधी बारीक पॉलिशपेपरने घासला, मग स्पिरिटने पुसला, मग पुन्हा पुसला. फायबरवर बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी डिंक धरत नाही. मला वाटत होतं की पॅनल टपाला तिकिटासारखा सपाट चिकटवतात. तसं केलं तर तो भाजून मरतो. मिस्त्रींनी आधी टपावर पॉलिकार्बोनेटची दुपदरी शीट लावली. बाल्कनीवर किंवा सायकलींच्या शेडवर असते ती, आतून पोकळ नळ्यांच्या रांगा असलेली. नळ्यांची तोंडं मुद्दाम उघडी ठेवली, म्हणजे गाडी चालली की वारा एका बाजूने शिरेल आणि पॅनलखालची धग घेऊन दुसऱ्या बाजूने निघून जाईल. त्यावर पॅनल. सीलंटच्या रेघाही सलग नाहीत, मध्ये मध्ये खंड ठेवलेला, पाणी साचू नये म्हणून. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली खरी कारागिरी ती तेवढीच: पॅनल आणि टप यांच्यामध्ये थोडी हवा राखणं. पुढे एका कुंभारीण माशीने त्यातल्या दोन नळ्यांत चिखलाचं बाळंतघर बांधलं. मेहुणा ती तारेने कोरणार होता, पण त्याच्या बायकोने पिल्लं उडेपर्यंत त्याला हात लावू दिला नाही.

ही हवा कशासाठी, ते मला उशिरा कळलं आणि कळल्यावर त्या काळ्या पत्र्याबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. पॅनलच्या पाठीवर 100 वॉट असं लिहिलेलं असतं. ते शंभर वॉट मिळतात कधी, तर प्रत्येक चौरस मीटरवर हजार वॉटचं लखलखीत ऊन पडत असताना आणि त्याच वेळी आतल्या चकतीचं तापमान 25 अंश असताना. पंचवीस! पुण्यात एप्रिलमध्ये पंचवीस अंश असतात ते सूर्य उगवायच्या आधी. कारखान्यात ही किमया जमते, कारण तिथे कृत्रिम उजेडाचा एक झपका क्षणभर पाडतात आणि चकती तापायच्या आत माप घेऊन मोकळे होतात. टपावरचा पॅनल भर दुपारी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो, आणि सिलिकॉनची ताकद पंचविसाच्या वर दर अंशाला साधारण चार दशांश टक्क्याने उतरत जाते. पासष्ट अंशांवर शंभरातले सोळा वॉट नुसत्या उष्म्याने गेले. थोडक्यात, उन्हावर जगणाऱ्या या प्राण्याला ऊन सोसत नाही. त्याला उजेड हवा, पण ताप नको. थंडीतल्या स्वच्छ सकाळी तो खुशीत असतो आणि मे महिन्यात बारा वाजता त्याचा जीव नकोसा होतो. एवढं कळल्यावर मी त्याला घरचाच समजू लागलो.

सीलंट सुकायला वेळ लागतो. त्यातही गंमत अशी की तो हवेतला दमटपणा पिऊन सुकतो. कोरड्या हवेत त्याला जास्त दिवस लागतात. मग गाडी पार्किंगमध्ये उभी, टपावर पॅनलांच्या कडांना वाळूच्या पिशव्या, आणि आम्ही खाली खुर्च्या टाकून बसलेले. अशा रिकाम्या वेळात मेहुणा वाचतो आणि मला ऐकावं लागतं. उजेड पडला की वीज उपजते, हे पहिल्यांदा पाहिलं ते एदमों बेकरेल या फ्रेंच मुलाने, 1839 साली, वडिलांच्या प्रयोगशाळेत. वय एकोणीस. आपल्याकडे त्या वयाच्या मुलाला वडिलांच्या स्कूटरला हात लावू देत नाहीत. पुढे शंभरावर वर्षं गेली आणि 25 एप्रिल 1954 रोजी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनची सौरबॅटरी लोकांना दाखवली. पडलेल्या उन्हातलं शेकडा सहा तेवढं तिच्या हाती लागायचं. आणि ते सहा टक्के ऊन कशाला जुंपलं? त्यांनी खेळण्यातला, जत्रेत असतो तसा उभा पाळणा फिरवून दाखवला. मला हे फार आवडलं. कोट्यवधी वर्षं जळणाऱ्या सूर्याला माणसाने पहिल्यांदा जे काम सांगितलं, ते पोरं रमवण्याचं होतं.

त्यानंतर चारच वर्षांनी, मार्च 1958 मध्ये, व्हॅनगार्ड-1 नावाचा उपग्रह वर गेला. पपनसाएवढा गोळा, वजन दीड किलो, अंगावर सहा सौरघट. त्यात दोन ट्रान्समीटर होते. बॅटरीवरचा त्याच जूनमध्ये मूक झाला. उन्हावरचा 1964 पर्यंत बोलत राहिला. तो गोळा अजूनही पृथ्वीभोवती फिरतो आहे. वाटेत गॅरेज नाही, ढाबा नाही, पंक्चरवाला नाही. मेहुण्याच्या मते जगातली पहिली कॅम्पर गाडी ती. “आणि आत कोणी नाही,” त्याची बायको म्हणाली, “म्हणून इतकी टिकली.”

जोडणीच्या दिवशी एक क्रम पाळावा लागतो: चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. आधी घर, मग सूर्य. कंट्रोलरच्या छोट्या पडद्यावर आकडे उमटले तेव्हा मेहुण्याच्या चेहऱ्यावर नातवाचं पहिलं रडणं ऐकल्यासारखा भाव होता. 180 वॉट. 204. 211. आणि एकाएकी 70. सगळे घाबरून वर बघू लागले. टपावर काही नव्हतं. शेजारच्या आंब्याची एक फांदी वाऱ्याने हलली होती आणि तिच्या पाचसहा पानांची सावली एका पॅनलवर पडली होती. स्लॅब पडताना बायाबाप्ये रांगेत उभं राहून घमेली पुढे देतात, तशा या चकत्या एकीमागे एक जोडलेल्या असतात. मधल्या एकीने हात खाली घेतला की मागच्या सगळ्या भरलेली घमेली धरून नुसत्या उभ्या. अशा अडेल जागेला वळसा घालून जायला आत डायोड असतात, पण वळसा म्हटलं की नुकसान आलंच. पंधरा कोटी किलोमीटरवरून जो उजेड विनातक्रार येतो, तो शेवटच्या हातभर अंतरावर आंब्याच्या पानाला अडतो. मला यात सरकारी कागदाचा प्रवास दिसला. मेहुण्याला आंब्याची फांदी दिसली आणि तो सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावू लागला.

त्या दिवसापासून त्या घरातली उन्हाबद्दलची भाषाच बदलली. “काय ऊन आहे!” असं आता कोणी कपाळ पुसत म्हणत नाही, कौतुकाने म्हणतात. ढग आला की चेहरे पडतात. वॉटचे आकडे बाजारभावासारखे सांगितले जातात. चांगल्या दिवशी ते तीन पॅनल मिळून एक-सव्वा युनिट वीज देतात. त्यात छोटा फ्रिज, पंखा, चार दिवे आणि सगळ्यांचे फोन भागतात. मिक्सर लावला तर मेहुणा पडद्यासमोर उभा राहून “पुरे, पुरे, बारीक झाली चटणी,” असं ओरडतो. शेवटी त्याच्या बायकोने खलबत्ता घेतला. घरी एवढी वीज एका वडापावाहून स्वस्त पडते, हे मी एकदा हिशेबाने दाखवायला गेलो. “भाऊजी,” तो म्हणाला, “वडापाव स्वतः तळला तर?” याला उत्तर नव्हतं.

त्याची मुलगी जर्मनीत, बर्लिनला असते. तिथे कॅम्पर गाड्या आपल्याकडच्या स्कूटरांसारख्या, आणि टपाटपावर पॅनल. ती बापाला फोनवर सांगते की डिसेंबरात भर माध्यान्हीही सूर्य क्षितिजावर जेमतेम चौदा अंश चढतो, आडव्या टपावर त्याची किरणं नुसती घरंगळून जातात. हे ऐकून मेहुण्याला पहिल्यांदाच आपल्या अक्षांशाचा अभिमान वाटला. पुण्यात डिसेंबरातली दुपारही आडव्या पॅनलला पाऊण हिस्सा ऊन देऊन जाते. मेच्या मध्यावर तर एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि खांबाची सावली खांबाखालीच दडते. दुसरा तसाच दिवस जुलैच्या शेवटाला येतो आणि बहुधा ढगांतच जातो. मेमधल्या त्या शून्य सावलीच्या दिवशी मेहुणा टपाशेजारी शिडीवर उभा होता. एरवी ज्या दिवशी माणसाने दारं-खिडक्या लावून पन्हं पीत पडावं, त्या दिवशी तो घामाने निथळत, भक्तिभावाने वर पाहत होता.

पण खरा पेच उभा राहिला तो प्रवासात. एप्रिलमध्ये आम्ही चौघं नळदुर्गचा किल्ला बघायला निघालो. सोलापूर सोडल्यावर ऊन असं पेटलं की रस्त्यावर पाणी साचल्याचा भास व्हायचा. जेवणाच्या वेळी एका शेताच्या बांधावर मोठा डेरेदार लिंब दिसला. तिकडे बघताच सगळ्यांच्या तोंडून एकदम सुटकेचा श्वास निघाला, आणि मेहुण्याने गाडी लिंबापासून चांगली पन्नास पावलं लांब, ढेकळांत, रखरखीत उन्हात नेऊन उभी केली. “सावलीत लावली तर चार्ज कसा होणार?” मग आम्ही खुर्च्या उचलून लिंबाखाली आलो आणि तिथून गाडीकडे बघत बसलो. गाडीत फ्रिज, फ्रिजमध्ये ताक. ताक थंडगार, पण ते आणायला जाणारा परत येईपर्यंत त्याला दोन पेले जास्त लागायचे. दुपार कलू लागली तशी लिंबाची सावली हळूहळू गाडीकडे सरकू लागली आणि मेहुण्याने उठून गाडी आणखी पुढे घेतली. मग सावली आमच्या खुर्च्यांवरूनही सरकली, तेव्हा आम्ही खुर्च्या हलवल्या. आजीचं सूप मला त्या वेळी आठवलं. फक्त ती उजेडाच्या मागे जात होती आणि आम्ही निम्मे उजेडाच्या मागे, निम्मे सावलीच्या.

शेताचा मालक बराच वेळ हे बघत होता. शेवटी जवळ आला.

“गाडी सावलीला लावा की सायेब. जागा हाय.”

“नको, उन्हातच बरी आहे.”

“पत्रा तापंल.”

“तापू दे. वर सोलर आहे.”

सोलर म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्याच्याही विहिरीवर सौरपंप होता. आम्हाला तो कौतुकाने तिकडे घेऊन गेला. काचेचे भरभक्कम पॅनल लोखंडी खांबांवर तिरपे उभे, तोंड दक्षिणेला, एकूण तीन हजार वॉट, आमच्या दसपट. आणि त्यांच्या खाली गार सावलीत पाच शेळ्या रवंथ करत बसलेल्या. ऊन वर, सावली खाली, मध्ये वाहती हवा. मिस्त्रींनी बोटभर जाडीत जे साधलं होतं ते इथे पुरुषभर उंचीवर साधलं होतं, आणि शेळ्यांना त्यासाठी काहीही वाचावं लागलं नव्हतं.

घराच्या अंगणात त्याची म्हातारी आई आणि सून कुरडया घालत होत्या. बाजेवर जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर पांढऱ्या कुरडयांच्या ओळी. बाज उन्हात आणि म्हातारी शेवग्याच्या सावलीत, हातात काठी. तिने आमची सगळी हकिगत लेकाकडून ऐकून घेतली, मग मेहुण्याला विचारलं, “ती काळी पानं टपाला चिकटवलीत व्हय?”

“हो आजी. पक्की. वादळातसुद्धा निघायची नाहीत.”

“मंग झालं की.” तिने काठीने बाजेकडे दाखवलं. “ऊन फिरलं की आमी बाज फिरवताव. तुमी घर फिरवाय लागलाव तर कसं व्हायचं?”

मेहुणा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने खिशातून वही काढली. एक चौथा पॅनल घ्यायचा, वाकणाराच, पण चिकटवायचा नाही, सुटा. गाडी सावलीत, पॅनल उन्हात, मध्ये पंधरा मीटर वायर. इतकी लांब वायर म्हणजे ती जाड घ्यावी लागेल, नाहीतर वीज वाटेतच जिरते. दोन किलो वजन, पलंगाखाली सरकेल. त्याची बायको शेळ्यांकडे बघत म्हणाली, “आणि उन्हात उघड्यावर टाकलेला तो पॅनल राखणार कोण? शेळी चढली म्हणजे?”

लहानपणी मे महिन्यात, घरातली मोठी माणसं जेवून लवंडली की राखणीला मला बसवायचे. अंगणात फेण्या, सांडगे, आंब्याची साठं उन्हात, आणि मी पडवीच्या कडेला, गुडघ्यावर काठी आडवी ठेवून. कावळा यायचा, मान वाकडी करून आधी साठांकडे आणि मग माझ्याकडे बघायचा, आणि दोघांपैकी कच्चं कोण याचा अंदाज घ्यायचा. सगळं घर झोपलेलं असायचं आणि त्या घराचं पुढच्या वर्षभराचं खाणं एकट्या माझ्या हवाली असायचं. तेवढी जबाबदारी मला पुढे नोकरीत कोणीही दिली नाही. फेण्या कडेने किंचित वर उचलायला लागल्या की आई उठून यायची, एक फेणी बोटांनी तपासायची, अर्धवट वाळलेली, मधे अजून मऊ असलेली ती फेणी मला द्यायची आणि म्हणायची, “हा तुझा पगार.”

“राखणीचं मी बघेन,” मी म्हणालो. “मला अनुभव आहे.”

मेहुण्याने वहीत तेही लिहून घेतलं. मग वर बघून त्याने विचारलं, “भाऊजी, काठी तुमची तुम्ही आणाल, की यादीत धरू?”